थंड नळीची पहिली गोळी

रायफल बाळगणाऱ्या लोकांत एक जुनी तक्रार ऐकू येते. सकाळी रायफल बाहेर काढावी, शंभर मीटरांवरील कागदी लक्ष्यावर पाच गोळ्या झाडाव्या आणि जवळ जाऊन पाहावे, तो चार गोळ्यांची छिद्रे तळहाताच्या खळग्यात मावतील इतकी जवळजवळ पडलेली असतात आणि एक छिद्र तेवढे चार बोटे दूर असते. ते एकटे पडलेले छिद्र पहिल्या गोळीचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. नळी थंड असताना सुटलेली पहिली गोळी भलतीकडे जाते आणि नळी थोडी तापली की तीच रायफल शहाण्यासारखी वागू लागते. असे का व्हावे आणि त्याचे कारण कोणत्या रीतीने हुडकून काढावे, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे वाक्य आपण शाळेत पाठ करतो. त्या वाक्याचा या प्रश्नाशी संबंध आहे खरा, परंतु तो प्रथमदर्शनी वाटतो तितका सरळ नाही.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, हे सर्वांना ठाऊक आहेच. त्या स्पर्धेतील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे असते. तेथे लागणाऱ्या अचूकपणाची कल्पना त्यावरून यावी. पण अशा सामन्यांत प्रत्यक्ष गुण मोजण्यापूर्वी स्पर्धकाला तयारीची काही मिनिटे दिलेली असतात व त्या अवधीत तो हव्या तितक्या चाचणीच्या गोळ्या झाडू शकतो. नळी थंड असो, तेलकट असो, अथवा नेमबाजाचे हात गारठलेले असोत, हे सारे दोष त्या चाचणीच्या गोळ्यांत वाहून जातात. शिकाऱ्याचे तसे नाही. स्कॉटलंडच्या डोंगरात सांबरासारख्या लाल हरणामागे चार तास रांगत गेलेल्या मनुष्यास एकच गोळी झाडावयाची असते, आणि ती थंड नळीतून सुटते. नंतरच्या चार गोळ्या एका छिद्रातून गेल्या असत्या, हे समाधान त्याच्या काही उपयोगाचे नसते.

शिकारीचा विषय शाळेच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीस बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे आमचे मत आहे. तथापि स्कॉटलंड, जर्मनी, नॉर्वे, अमेरिका इत्यादी देशांत हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी कायद्याच्या चौकटीत शिकार चालते. नॉर्वेसारख्या देशात तर मोठ्या जनावरांची शिकार करू इच्छिणाऱ्यास प्रतिवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. त्याचे कारण उघड आहे. चुकलेल्या गोळीने जनावर मेले नाही तरी ते सुटतेच असे नाही. जखम घेऊन ते पळते आणि कित्येक दिवस तडफडते. अशा जखमेचे परिणाम कोठवर पोहोचू शकतात याचे उदाहरण आपल्याच देशात घडून गेले आहे. कुमाऊँमधील चंपावतच्या वाघिणीने जिम कॉर्बेट यांच्या हिशेबाप्रमाणे नेपाळात व कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली. १९०७ साली कॉर्बेट यांनी तिला मारले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. ती कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीची जखम होती आणि तीमुळेच नेहमीची शिकार करणे अशक्य होऊन ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. त्या शिकाऱ्याचा नेम कशाने हुकला हे आता कळणे शक्य नाही. पण एक गोळी चार बोटे बाजूला जाणे म्हणजे काय, ते यावरून दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिली गोळी दूर गेली म्हणजे पहिली गोळी चुकली, असे आपण सहज धरून चालतो. येथेच बहुतेक लोक फसतात. दुर्बिणीचा नेम बसविताना मनुष्य चांदमारीवर जातो, लागोपाठ वीस-पंचवीस गोळ्या झाडतो आणि त्या तापलेल्या नळीच्या गोळ्या मध्यावर पडू लागल्या की दुर्बिणीचे पेच तेथेच थांबवितो. म्हणजे त्याने नेम बसविला तो तापलेल्या रायफलीचा. मग थंड नळीची गोळी दुसरीकडे गेली तर दोष त्या गोळीचा कसा? थंड नळी हीच रायफलीची स्वाभाविक स्थिती होय; तापल्यावर ती जे करते ती विकृती. कित्येक रायफलींच्या बाबतीत पहिली गोळी बरोबर जात असते आणि वाट सोडतात त्या पुढच्या. ज्याला एकच गोळी झाडावयाची आहे त्याने पुढच्या चार गोळ्यांचे बहुमत मानावयाचे कारण नाही.

परंतु पहिली गोळी बरोबर जाते की नाही, हे एका सकाळच्या एका छिद्रावरून सांगता येणार नाही. एक छिद्र म्हणजे पुरावा नव्हे. याकरिता जाणत्या नेमबाजांची एक साधी रीत आहे व ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. एकच कागद घ्यावा. रोज सकाळी, रायफल रात्रभर थंड झालेली असताना, त्या कागदावर एकच गोळी झाडावी, छिद्राशेजारी तारीख लिहावी, हवामान टिपून ठेवावे आणि कागद घरी न्यावा. दुसऱ्या सकाळी तोच कागद पुन्हा लावावा. असे दहा दिवस केले म्हणजे कागदावर दहा छिद्रे पडतील व ती सर्व पहिल्याच गोळ्यांची असतील. सैन्यातील दूरचे नेमबाजही आपल्या वहीत थंड नळीच्या गोळीची नोंद अशीच स्वतंत्र ठेवतात. यास चिकाटी लागते, काडतुसे मात्र दहाच लागतात.

या दहा छिद्रांचा अर्थ लावणे कठीण नाही. ती सर्व एकमेकांजवळ झुबक्याने पडली असून तो झुबका मध्यापासून बाजूला असेल, तर रायफल निर्दोष आहे असे समजावे. ती रोज तेच करते, फक्त नेम तिला अनुसरून बसविलेला नाही. दुर्बिणीचे पेच तेवढे फिरवावे आणि तापलेल्या नळीच्या गोळ्या कोठे जातात याची चिंता सोडून द्यावी. उलट दहा छिद्रे दहा दिशांना विखुरली असतील, तर मात्र काहीतरी सैल आहे, तेलकट आहे, कशाला तरी घासत आहे, किंवा माणूसच स्थिर नाही. मग एकेक कारण तपासावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम येथे कसोशीने पाळला पाहिजे. दस्त्याचे स्क्रू आवळले, नळीही साफ केली आणि काडतुसेही बदलली, तर गुण कशाने आला हे जन्मात कळणार नाही.

प्रथम माणसाकडे पाहावे. हे ऐकावयास कोणासही आवडत नाही, परंतु थंड नळीच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळशा चुका थंड नेमबाजाच्या असतात. पहिल्या गोळीला खांदा धक्क्यासाठी सज्ज झालेला नसतो, गाल दस्त्यावर नेहमीच्या जागी टेकलेला नसतो, श्वास वर असतो आणि धक्का येणार या धास्तीने चाप हळूच दाबण्याऐवजी झटक्याने ओढला जातो. दोन-तीन गोळ्या झाल्या म्हणजे शरीर आपोआप जागेवर येते. कॉर्बेट यांच्यासारख्या कसलेल्या मनुष्याचीही यातून सुटका नव्हती. चंपावतच्या त्याच वाघिणीवर त्यांनी शेवटची गोळी झाडली ती तहसीलदाराकडून घेतलेल्या बंदुकीने, आणि तीही अगदी जवळून. नेम धरला होता उघड्या जबड्यावर, लागली पंजाला. हात डळमळला की बंदूकच वाकडी, याचा निवाडा त्यांनी स्वतः केला नाही. दोन्ही शक्यता मोकळेपणाने लिहून ठेवल्या. ती बंदूक तर अशी होती की, नळ्या व मागचा भाग यांच्यामध्ये उघडी फट होती!

हात की बंदूक हे ठरविण्याची युक्ती मात्र आहे. नेमबाजाने आधी दुसऱ्याच एखाद्या रायफलीने दहा-पंधरा गोळ्या झाडून आपले शरीर सरावात आणावे आणि मग आपली थंड रायफल उचलून पहिली गोळी झाडावी. आता माणूस तापलेला आहे व नळी थंड आहे. गोळी झुबक्यात गेली तर दोष माणसाचा होता. तरीही बाजूला गेली तर रायफलीचा. दुसरी युक्ती जुन्या प्रशिक्षकांची आहे. सोबत्याने नेमबाजास न सांगता कधी खरे तर कधी दारू नसलेले खोटे काडतूस भरून द्यावे. खोट्या काडतुसावर चाप ओढताना नळीचे टोक दचकून खाली गेले की सर्वांदेखत उलगडा होतो. या दोन्ही गोष्टी परवानाधारक माणसाने चांदमारीवर, जबाबदार प्रशिक्षकासमक्षच करावयाच्या, हे निराळे सांगावयास नको.

माणूस निर्दोष ठरला की नळीच्या आतील तेल पाहावे. नळीला गंज चढू नये म्हणून ती साफ करून आत तेलाचा हात फिरवून ठेवतात. हे तेल तसेच राहिले असता पहिल्या गोळीच्या वाटेत त्याचा थर येतो. गोळीचे घर्षण बदलते, दाब बदलतो, वेग बदलतो आणि गोळी झुबक्यापासून वर, खाली किंवा बाजूला जाते. तेल फार झाले असेल तर नळीलाही ते धोक्याचे असते. आपल्यापैकी जे राष्ट्रीय छात्रसेनेत आहेत त्यांना गोळीबारापूर्वी नळीतून कोरडी चिंधी ओढावयास लावतात, त्याचे मर्म हेच. पण तेल पुसून काढले तरी अगदी चकचकीत नळी आणि आधी एक-दोन गोळ्या जाऊन किंचित काजळलेली नळी यांत फरक राहतोच. गोळीच्या तांब्याचा व जळालेल्या दारूचा सूक्ष्म लेप आट्यांवर बसतो आणि तो बसल्यावर प्रत्येक गोळीस सारखाच पृष्ठभाग मिळतो. म्हणून परदेशांतील कित्येक शिकारी हंगामाच्या सुरुवातीस नळी साफ करतात, तीतून दोन-तीन गोळ्या झाडून तिला ‘मळवून’ घेतात आणि हंगाम संपेपर्यंत पुन्हा आतून घासत नाहीत. तेव्हा तपासणीत थंड व स्वच्छ नळी ही एक स्थिती आणि थंड व काजळलेली नळी ही दुसरी स्थिती, अशा दोन वेगळ्या धराव्या. पहिल्या स्थितीत गोळी भटकते आणि दुसऱ्या स्थितीत भटकत नाही, असे आढळले तर उष्णतेला बोल लावण्याचे कारणच उरत नाही.

आता उष्णतेचा विचार करू. गणिताचा कंटाळा नसणाऱ्या विद्यार्थ्यांना हा भाग रुचेल. १० ग्रॅम वजनाची गोळी दर सेकंदास ८०० मीटर वेगाने सुटली तर तिची गतिज ऊर्जा ३,२०० ज्यूल भरते. दारूच्या एकूण ऊर्जेचा हा सुमारे पाव ते तिसरा हिस्सा होय. बाकीची बरीचशी तप्त वायूबरोबर निघून जाते आणि उरलेली नळी शोषते. नळीच्या वाट्यास गोळीइतकीच ऊर्जा आली असे धरले व नळीचे वजन सव्वा किलो मानले, तर एका गोळीने नळीचे तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने चढते. दहा गोळ्या लागोपाठ झाडल्या तर नळीला हात लावणे सुखाचे राहत नाही.

थंड नळीचे छिद्र आकुंचित असते आणि तापल्यावर ते रुंदावते, म्हणून नेम बदलतो, असे पुष्कळांचे म्हणणे असते. हिशेब करून पाहावा. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लक्ष भागांपैकी सुमारे १२ भाग वाढते. ७.६२ मिलिमीटरचे छिद्र ५० अंश तापले तर साधारण पाच सहस्रांश मिलिमीटरने रुंद होईल. त्याने चार बोटांचा फरक पडणे संभवत नाही. लांबीचे पाहिले तर ६० सेंटिमीटरची नळी ५० अंशांत सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर लांबते. पण ती सर्व बाजूंनी सारखी लांबली तर सरळच राहते आणि सरळ नळीतून गोळी सरळच जाते. मग बिघडते कोठे?

बिघडते ते ‘सर्व बाजूंनी सारखी’ या शब्दांत. समजा, नळीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त एका अंशाने अधिक तापली. तर ६० सेंटिमीटर लांबीत वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा ०.००७२ मिलिमीटर अधिक लांबेल. हा आकडा हास्यास्पद वाटावा इतका लहान आहे. पण नळीची जाडी २० मिलिमीटर धरली तर नळी कमानीसारखी वाकून तिच्या टोकाची दिशा ०.०००३६ रेडियनने फिरते, आणि शंभर मीटरांवर तोच फरक ३.६ सेंटिमीटर होतो! तीनशे मीटरांवर तो जवळजवळ ११ सेंटिमीटर होईल. प्रत्यक्षात पोलादातून उष्णता लवकर पसरते व संपूर्ण लांबीभर असा फरक क्वचितच टिकतो, त्यामुळे परिणाम याहून कमी होतो. तथापि केसाच्या जाडीच्या दशांशाएवढी वाढही हरणाच्या मर्मस्थानापासून गोळी दूर नेण्यास कशी पुरते, ते यावरून स्पष्ट व्हावे.

नळी एका बाजूने अधिक वाढण्याची कारणे दोन. पहिले नळीच्या घडणीतच असते. पोलादी दांड्यास आरपार भोक पाडून, आत आटे पाडून आणि कधी कधी वाकलेली नळी दाबाने सरळ करून रायफलीची नळी तयार होते. या खटाटोपात पोलादाच्या अंगात ताण कोंडला जातो. चांगला कारखाना नळी विशिष्ट तापमानावर भाजून हा ताण घालवितो. तो पुरता गेला नसेल तर नळी तापू लागताच ताण असमान सैल होतो आणि नळी आपल्या मूळच्या वाकड्या वळणाकडे झुकते. अशा रायफलीच्या गोळ्या लागोपाठ झाडल्या असता एकाच दिशेला पायरीपायरीने सरकत जातात. ही खूण ओळखून ठेवावी. यावर गावच्या कारागिराजवळ फारसा इलाज नसतो. पण शिकाऱ्याचे त्यावाचून अडतही नाही, कारण थंड असताना अशी नळी बहुधा रोज एकाच जागी गोळी टाकते.

दुसरे कारण लाकडाचे, आणि ते आपल्या भागातील लोकांना समजावून देण्याची गरज पडू नये. आषाढ लागला की घराची दारे चौकटीत अडकू लागतात. ती तासली तर मार्गशीर्षात त्यांच्यातून वारा येतो. लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते. रायफलीचा दस्ता बहुधा अक्रोडाच्या लाकडाचा असतो आणि त्याचा पुढचा भाग नळीच्या खालून पन्हळीसारखा जातो. हे लाकूड फुगून किंवा पिळवटून एका बाजूने नळीला टेकले, की नळीवर कायमचा कोपराचा दाब बसतो. नळी थंड असताना तो दाब एक असतो. नळी तापून लांब व जाड झाली की तो बदलतो, आणि त्यासरशी गोळीची जागाही बदलते. शिवाय गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. ती थरथर मोकळी असली तर दर वेळी एकसारखी होते; लाकूड कोठे तरी टेकले असेल तर होत नाही.

हा दोष तपासण्यास खर्च येत नाही. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, नळी व दस्ता यांच्या फटीत एक कोरी नोट घालावी आणि ती टोकाकडून मागे सरकवीत न्यावी. वाटेत कोठे अडकली तर तेथे लाकूड टेकत आहे असे समजावे. मग दस्त्याला हाताने किंवा पट्ट्याने ताण देऊन पुन्हा पाहावे. कारण पट्टा आवळून नेम धरणाऱ्याचे पुढचे लाकूड नकळत नळीकडे ओढले जाते आणि वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून केलेल्या परीक्षेत हा दोष कधीच उघडकीस येत नाही. उपाय म्हणून कारागीर तेवढी जागा तासून नळी मोकळी करतो व आतल्या उघड्या लाकडास पाणी पिऊ नये असा लेप देतो. हल्ली काचतंतूंचे दस्ते निघाले आहेत. ते पावसाने फुगत नाहीत.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लाकडाचा स्पर्श सदैव दोषच असतो असे नाही. आपल्या सैन्याने अनेक वर्षे वापरलेल्या ली-एनफिल्ड रायफलीत पुढचे लाकूड नळीच्या टोकाजवळ तिला मुद्दाम ठरावीक दाबाने उचलून धरील अशीच रचना असे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावास असल्याने आपल्याकडील अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना ही रायफल चांगली आठवत असेल. तिचे लाकूड माहितगाराखेरीज कोणी तासू नये, कारण तो दाब गेला की तिचा नेम बिघडतो. मात्र १९७० साली ब्रिटिश सैन्याने याच रायफलीवरून दूरच्या नेमबाजीसाठी एल-४२ हा नमुना केला, तेव्हा पुढचे लाकूड कापून टाकून जाड नळी मोकळीच सोडली. ठरावीक दाब चालतो, मोकळेपणही चालतो. ऋतूप्रमाणे बदलणारा दाब चालत नाही.

सैल स्क्रूंविषयी थोडक्यात सांगतो. दस्ता व यंत्र यांना जोडणारे स्क्रू किंवा दुर्बिणीच्या कड्या ढिल्या असतील, तर रायफल खांद्यावर वाहताना व ठेवताना त्या किंचित हलतात आणि पहिल्या गोळीच्या धक्क्याने पुन्हा जागेवर बसतात. त्यामुळे पहिली गोळी इकडे, बाकीच्या तिकडे, आणि नळी बिचारी विनाकारण बदनाम. वास्तविक सर्व तपासणीत हे काम आधी करावयास पाहिजे, कारण त्यास पेचकस व पाच मिनिटे एवढेच लागते. पण लोक ते शेवटी करतात.

काडतुसांचाही यात वाटा असतो. गरम दारू अधिक वेगाने जळते आणि दाब वाढविते. नळी तापलेली असताना चेंबरमध्ये काडतूस भरून नेमबाज मिनिटभर नेम धरीत बसला, तर त्या काडतुसातील दारू चांगलीच तापते व गोळी पहिलीपेक्षा अधिक वेगाने सुटते. पूर्वी विलायतेत कॉर्डाइट दारूची काडतुसे तयार होत, तेव्हा हिंदुस्थान व आफ्रिका यांच्यासाठी दारू थोडी कमी घातलेली निराळी काडतुसे काढीत. विलायतेच्या थंडीस योग्य असलेला भार येथील उन्हाळ्यात धोकादायक दाब उत्पन्न करी. आजच्या दारूंत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. तरी परीक्षेच्या दिवसांत काडतुसे उन्हात ठेवू नयेत आणि एकाच खेपेची वापरावी.

तापलेल्या नळीचा आणखी एक खोडसाळपणा आहे. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा लवलवताना आपण पाहतो, तशीच ती तापलेल्या नळीवरून दुर्बिणीसमोर उठते आणि लक्ष्य खऱ्या जागेपासून किंचित हललेले दिसू लागते. नेमबाजाचा डोळा त्या भासामागे जातो. म्हणजे येथेही फसवितात त्या मागाहूनच्या गोळ्या. पहिल्या गोळीसमोरची हवा स्वच्छ असते.

या सर्व तपासणीत घाई हाच मोठा शत्रू होय. एक गोळी झाडून नळी पूर्ववत थंड होण्यास अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. उन्हात तर ती थंड होतच नाही. म्हणून सावली हवी, अथवा दुसऱ्या सकाळपर्यंत थांबण्याची तयारी हवी. ज्याला एका दुपारी निकाल पाहिजे त्याला तापलेल्या रायफलीचाच निकाल मिळतो आणि तो पुन्हा मूळ चुकीच्या ठिकाणी येऊन पोहोचतो.

गंजाचा प्रश्न मात्र राहतो. काजळलेली नळी हंगामभर तशीच ठेवण्याची परदेशी रीत कोरड्या हवेत चालून जाते. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा आपल्याकडील पावसाळ्यात ती चालणार नाही. पोलाद चार दिवसांत तांबूस दिसू लागते. शेतीच्या अगर स्वसंरक्षणाच्या कारणाने ज्यांच्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील परवान्याची रायफल आहे, त्यांना तेलावाचून गत्यंतर नाही. त्यांनी आपली दहा सकाळची परीक्षाही तशीच करावी: रात्री तेलाची चिंधी, पहाटे कोरड्या चिंध्या, शेवटची चिंधी पांढरी स्वच्छ बाहेर येईपर्यंत, आणि मग एक गोळी. पांढऱ्या चिंधीनंतरही छिद्र रोज त्याच बाजूला, त्याच अंतरावर पडत असेल, तर दुर्बिणीचे पेच त्या छिद्राच्या मानाने फिरवावे.